दोन अक्षरांपूर्वी

“आई, एकेक अक्षर दिसेल. तेच अक्षर दोन अक्षरांपूर्वी आलं होतं का, एवढंच सांगायचं. हो असेल तर हिरवं बटण, नाही तर लाल.”

“किती भराभर जातात गं मेली!” नॉर्मा पुटपुटली.

विनिपेगच्या त्या स्वयंपाकघरात ब्रिजेट तिसऱ्या रविवारी आईची परीक्षा घेत होती. विद्यापीठात तिचं कामच ते. नवं आलं की जुनं पुसून ताजं लक्षात ठेवणं माणसाला कितपत जमतं, ते मोजायचं.

हिवाळ्यात नॉर्मा शेगडी पेटती ठेवून बाहेर गेली होती. मग शेजारणीचं नावच आठवेना. डॉक्टरांचा विषय काढला की रडायची. “तिथे नेलंस की मला वृद्धाश्रमात टाकतील.” म्हणून ही घरगुती परीक्षा.

शंभर प्रश्न. निम्म्यांना हो, निम्म्यांना नाही. पहिल्या रविवारी एकसष्ट बरोबर आले, दुसऱ्या रविवारी पंचावन्न.

आज नऊ.

“वाईट झालं का गं?” नॉर्माने विचारलं.

“नाही आई. छान झालं.”

न्हाणीघरात जाऊन ब्रिजेटने नळ सोडला आणि रडून घेतलं. मग व्हँकुव्हरच्या नोकरीला नकार कळवला आणि कॅलमला फोन केला. जूनमध्ये त्यांचं लग्न व्हायचं होतं. तिकडे घरही बघून ठेवलं होतं.

“त्यांनाही घेऊन ये इकडे.”

“नवीन गावात ती हरवून जाईल रे.”

“आणि मी? मी किती वर्षं थांबायचं?”

त्याने फोन ठेवला.

नॉर्माने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “माझ्यासाठी केवढं करतेस, पोरी.”

सोमवारी प्रयोगशाळेत ब्रिजेटने तिन्ही रविवारच्या निकालांचा कागद ओडेलसमोर ठेवला. आकडेमोड तो पाहायचा. नाव तिने खोडलं होतं.

“पुढे किती झपाट्याने ढासळेल, सांगशील?”

ओडेलने कागद पाहिला आणि तो मोठ्याने हसला.

“कुठून आणलास हा नग? डोळे मिटून बटणं दाबली असती तरी पन्नासेक बरोबर आली असती. तू तर हे शिकवतेस, तुला दिसलं नाही?”

“काय?”

“अगं, एक्क्याण्णव वेळा हटकून चुकायचं, तर एक्क्याण्णव वेळा बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.”