पंगतीची वेळ

तहाची बोलणी करायला शत्रूच्या छावणीत गेलेल्या रायाजीमामांचं पत्र सेनापती हैबतरावांच्या मुठीत होतं. ‘माणसं भली आहेत. दुपारी हत्यारं उतरवून पंगतीला बसतात, मलाही सोबत घेतात. तह होईल, बाळा.’

ऊन डोक्यावर आलं. टेकडीआड दोन हजार स्वार सज्ज होते.

“मामांना आधी बोलावून घ्यावं,” कारभारी म्हणाले.

“मामा उठले, तर पंगत सावध होईल.”

हैबतरावांनी हात वर केला.

तासाभरात छावणी बेचिराख झाली. फत्ते झाल्याचं सांगतानाही परतलेल्या सरदाराला मान वर करवेना. “मामा भरल्या पानावरच गेले, सरकार. शेजारी एक पान वाढलेलं होतं, त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. आचारी म्हणाला, मामा ते रोज तुमच्यासाठी मांडायला लावायचे.”