एका दिवसाचा खंड

"ताई, आज हजेरीपटावर सही करू नका, आज तुमचा खंड आहे," तायडेबाबूंनी कुंदाला दारातच बजावलं आणि टाइप करायला एक मसुदा तिच्या हातात ठेवला.

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत कुंदा सोळा वर्षं कंत्राटी होती. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं, अशी तिथली रीत. काढलेल्या दिवशीही ती यायची, कारण तिच्याशिवाय कचेरीचं पान हलत नसे.

मसुदा वाचताना तिची कानशिलं तापली. कायम करा म्हणून तिनं कोर्टात दावा लावला होता, त्याला कचेरीनं द्यायचं उत्तर होतं ते. 'अर्जदार आज रोजी सेवेत नाही. सेवेत खंड असल्याने मागणी फेटाळावी.'

"बाबू, माझं सरण माझ्याच हातानं रचून घेता होय?"

"मनाला लावून घेऊ नका. आणि वेलांट्या नीट बघा, साहेब चिडतात."

कुंदानं दातओठ खात, पण एकही चूक न करता उत्तर टाइप केलं. पत्राखाली टाइप करणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची कचेरीची शिस्त होती. तिनं स्वतःचं नाव आणि आजची तारीख ठसठशीत घातली. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली, शिक्का बसला.

"दोन प्रती काढा," बाबू म्हणाले. तिनं तीन काढल्या आणि तिसरी पर्समध्ये घालून वकिलाकडे निघाली.

"अहो, रजेचा अर्ज तरी देऊन जा!"

"सेवेत नसलेल्या बाईनं?"