तीन मीटरवरची खुर्ची

काकांची जुनी लेन्स हाताने रिंग फिरवून फोकस करायची, म्हणून मला आवडते. स्टुडिओतली रिकामी खुर्ची तीन मीटरवर होती. पण रिंग तिच्यावरच्या अंतराच्या आकड्यांपैकी दोनवर आणली तेव्हाच खुर्ची स्पष्ट दिसली.

दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून पाहिली. "ठणठणीत आहे, ताई. तुमचं मोजण्यात चुकलं असेल."

"टेप लावून मोजलंय, दादा."

दुसऱ्या दिवशी खुर्ची एकवर स्पष्ट झाली. मीही हट्टाला पेटले. खुर्चीच्या पायांभोवती खडूने आखलं; रोल संपेपर्यंत माघार नाही.

आज शेवटचा फोटो. रिंग अर्ध्या मीटरवर आली. त्याच्या अलीकडे ती फिरतच नाही. खुर्ची खडूच्या खुणांतच होती. हात हलू नये म्हणून मी श्वास रोखला.

लेन्सच्या पुढच्या काचेवर वाफ धरली.