घरी जाऊन द्यायचं आमंत्रण

शंतनूने चढावर पुन्हा गाडी बंद पाडली, तेव्हा मागच्या ट्रॅक्टरवाल्याने जोरात हॉर्न दिला.

"अरे, क्लच!" पद्मिनी म्हणाली.

"माहितेय गं. पुणं सोडल्यापासून गिअरची गाडी चालवलीच नाही यार."

जून २००७. रोमच्या एअरपोर्टवर ऑटोमॅटिक गाडी मिळाली नव्हती. आता ओर्व्हिएतो मागे पडलं होतं आणि रस्ता टेकड्यांना वळसे घालत चालला होता. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, मधूनच सूर्यफुलांचा एखादा पिवळा तुकडा. पद्मिनी मांडीवर नकाशा पसरून बसली होती.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "त्यांना इथेच राहावंसं वाटलं, यात नवल नाही."

शंतनूने गिअर बदलला.

देवदत्त आणि आसावरी इथे येऊन पाच वर्षं झाली होती. त्याआधी सगळे अमेरिकेत, नेपरव्हिलला होते. समोरासमोर दोन घरं. बर्फ पडला की शंतनू आणि देवदत्त मिळून दोन्ही ड्राइव्हवे साफ करायचे. गणपती एका घरी, दिवाळीचा फराळ दुसऱ्या घरी. मग एका मार्च महिन्यात देवदत्त आणि आसावरी निरोपही न घेता निघून गेले. त्यानंतर फोन नाही, ईमेल नाही. त्यांचा पत्ताही अलीकडेच कुणाकडून तरी कळला होता.

ऑक्टोबरात कुशचं सियाशी लग्न होतं. पाहुण्यांचा विषय निघाला तेव्हा पद्मिनीने त्या दोघांचं नाव काढलं.

"नो वे, मॉम," कुश ताडकन म्हणाला. "त्यांनी तुम्हाला किती हर्ट केलं!"

सिया नुसती उठून वरच्या खोलीत गेली. बराच वेळ तिच्या रडण्याचा आवाज खाली येत होता. तो ऐकूनच पद्मिनीने ठरवलं. आमंत्रण फोनवर नाही, घरी जाऊन द्यायचं.

"दारच उघडलं नाही तर?" शंतनूने विचारलं.

"तर कुठेतरी छान जेवू आणि परत जाऊ."

"तुला राग येत नाही आता?"

"पहिली दोन वर्षं दुसरं काही येतच नव्हतं. मग थकले." पद्मिनीने नकाशाची घडी घातली. "आणि तुला?"

"येतो. पण सियाकडे पाहिलं की त्या रागाचं काय करायचं, तेच कळत नाही."

"मला वाटलं होतं, तू यायला नाही म्हणशील."

"म्हणणारच होतो. तू विमानाची तिकिटं दाखवलीस, मग काय बोलणार?"

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

एका फाट्यावर ते चुकले. कडेला जर्दाळू वेचणाऱ्या म्हातारीला पद्मिनीने गावाचं नाव सांगितलं. म्हातारीने हातवारे करून रस्ता दाखवला, ओंजळभर जर्दाळू दिले आणि दोघांकडे आळीपाळीने बोट दाखवत हसून काहीतरी विचारलं. पद्मिनीही नुसती हसली.

घर दगडी होतं, साधंच. आसावरी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचे केस बरेच पिकले होते. गाडीतून कोण उतरतंय ते दिसलं आणि तिच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला.

"देवदत्त," तिने आत हाक मारली. तिने पुन्हा मारली.

देवदत्त दारात आला. चौघंही उभी राहिली. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"आमंत्रण द्यायला आलोय," शेवटी शंतनू म्हणाला. "ऑक्टोबरात लग्न आहे. कुश आणि सियाचं."

आसावरीने तोंडावर हात धरला आणि ती पायरीवरच बसली.

"पद्मिनी," देवदत्त म्हणाला, "आम्ही कुठल्या तोंडाने येणार?"

वाक्य पद्मिनीने विमानातच जुळवून ठेवलं होतं.

"कुशचे आईबाप म्हणून तू आणि मी पाटावर बसायचं, सियाचे म्हणून शंतनू आणि आसावरी," ती म्हणाली. "त्या एका दिवसापुरतं जमेल ना?"