कोरडा पेला

शहाऐंशी सालचा संप. अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर मालकाची भाडोत्री माणसं सळया आणि सायकलच्या चेनी घेऊन आमच्यावर तुटून पडली. एकानं दिनानाथच्या डोक्यावर सळई उगारली आणि मला काही कळायच्या आत मी मध्ये घुसलो होतो. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. हाड मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला. मग दगड, शिव्या, पळापळ. ते पांगल्यावर मी चहाच्या टपरीला टेकून रक्त थुंकत बसलो. "दिन्या, प्यायला पाणी दे रे." दिनानाथ जोगळेकर ऑफिसातला, मी पालेगावच्या बौद्धवाडीतला फिटर, पण कित्येक वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो, एका पेल्यातून चहा पीत होतो. तो रडत धावला, टपरीवरून तांब्या-पेला घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला. पेला डाव्या हातात तसाच राहिला. उजव्या हातानं त्यानं तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. विटाळ नको म्हणून वरच्या आळीतली माणसं माझ्या आज्याच्या ओंजळीत सोडायची, तशी. माझा एक हात उचलतच नव्हता, ओंजळ कुठून करणार? पाणी छातीवर सांडलं, रक्तात मिसळलं. मी त्या कोरड्या पेल्याकडे पाहिलं. मग त्यानंही पाहिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला. "बबन, आईशप्पथ, मी विचार करून नाही रे केलं." "माहितेय," मी म्हणालो. "मघाशी मीपण विचार केला नव्हता."