जशीच्या तशी

संपादक हूपर यांचा एक नियम होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडची वर्तमानपत्रं टपालाने आली, की पळालेल्या गुलामांच्या जाहिराती कापायच्या आणि आपल्या पत्रात जशाच्या तशा छापायच्या. टीका नाही, टिप्पणी नाही, अक्षराचाही फरक नाही. 'पाठीवर वळ, ओळखण्यास सोपा' असं मालक स्वतःच लिहीत असताना आपण अग्रलेख कशाला खर्च करायचा? या नियमापायी अकरा वर्षांत छापखान्याच्या काचा चारदा फुटल्या होत्या. आता खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. त्यामुळे वारा लागत नाही, एवढंच हूपर म्हणत.

बुधवारी दुपारी छपाईचे खिळे जुळवता जुळवता त्यांचा जुळारी अमोस थांबला आणि त्याने एक कात्रण पुढे केलं.

हूपरनी चष्मा पुसून वाचलं. नाव सीझर, वय तिशीचं, डावी करंगळी वाकडी. मंदबुद्धी, कापूस वेचण्याखेरीज कुठल्याही कामाचा नाही. धरून देणाऱ्यास दोनशे डॉलर.

त्यांनी अमोसच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चार वर्षं तो हात त्यांचे अग्रलेख जुळवत होता, आणि न विचारता त्यांतलं व्याकरणही सुधारत होता.

"हे गाळ," हूपर म्हणाले. "गावाला तुझी करंगळी पाठ आहे. दोनशे डॉलरांसाठी आपला शेरीफ सासूलाही धरून देईल."

"सासूला फुकट देईल, हूपरभाऊ. पण गेल्या आठवड्यात त्या दोन पोरांच्या आईची जाहिरात छापलीत. तिची गाळली नाहीत."

हूपरनी हट्ट सोडला. हे गावात प्रथमच घडत होतं. शेवटी त्यांनी एवढंच कबूल करून घेतलं, की अंक गुरुवारी निघतो, तर अमोसने त्याच संध्याकाळच्या बोटीने सरोवर ओलांडून गुलामगिरी नसलेला कॅनडा गाठायचा.

अमोसने पान पुरं केलं, हात धुतले. धक्क्यावर हूपरनी स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत थंडीत उभे राहिले.

गुरुवारी सकाळी त्यांनी पहिलं प्रूफ काढलं. जाहिरात जशीच्या तशी होती. खाली मात्र कात्रणात नसलेली एक ओळ होती:

'वरील मजकुराचे खिळे सीझरने स्वतः जुळवले. मुक्काम कॅनडा.'

हूपरनी पेन्सिल उचलली. त्या ओळीवर टेकवली. मग कानावर खोचली आणि छपाई सुरू केली.