तिसरा पर्याय

पुतणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. ती तेव्हा मानसोपचाराच्या इस्पितळात होती. एका मुलाला दिवसाला साठ-सत्तर फोन करायची, त्याच्या दारात जाऊन बसायची. पत्राच्या शेवटी तिने विचारलं होतं, 'तुम्ही एवढं वाचलंय, काका. हे प्रेम होतं की आजार?' उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेल्या काकांनी उत्तर सात वेळा लिहून काढलं. प्रत्येकात काही ना काही खटकलं. सातही टेबलाच्या खणात पडून होती.

आता ती बरी होती, म्हणजे गोळ्या चालू होत्या, आणि संगणकावर खेळायची एक गोष्ट तयार करत होती. भाषा तपासून द्याल का, असं तिने फोनवर विचारलं. काकांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

दुपारी ते लॅपटॉपपुढे बसले. पडद्यावरची मुलगी काहीतरी बोलायची, खाली उत्तरं यायची, आपण एक निवडलं की गोष्ट तिकडे वळायची. मुलगी प्रेमाने वेडीपिशी झालेली. एका ठिकाणी तिने थेट काकांकडे बघत विचारलं, 'मला वेड लागलंय का?' खाली तीन पर्याय आले: हो. नाही. काही बोलू नका.

तपासायचं तर सगळं तपासायचं, ही जुनी खोड. 'हो' म्हटल्यावर ती रडत निघून गेली. 'नाही' म्हटल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि आता तू कुठे जाणार, असं लाडाने विचारलं. काकांनी दोन्हीकडचे चुकलेले स्वल्पविराम वहीत टिपले. मग तिसरा पर्याय निवडला.

काहीच घडलं नाही. मुलगी खुर्चीत बसून राहिली. मिनिटभराने म्हणाली, 'तो योग्य शब्द शोधत असेल.' थोड्या वेळाने, 'त्याला घाई आवडत नाही.' मग, 'पत्र पोचलं नसेल.'

काका उठले, पाणी प्यायले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. परत आले तर ती तशीच बसलेली.

त्यांनी पुतणीला फोन लावला. तिसऱ्या पर्यायात पत्र मधेच कुठून आलं ते कळत नाही, आणि त्याचा शेवटही सापडत नाही, असं घसा खाकरत सांगितलं.

"शेवट नाहीच आहे, काका," ती म्हणाली. "मला सुचला नाही. तुम्हाला सुचला तर कळवा. लगेच नको हं, तुमचं 'लगेच' मला माहीत आहे."

ती हसली. काकांना हसता आलं नाही.

त्यांनी कोरा कागद घेतला. 'मला माहीत नाही. कदाचित दोन्ही असेल. तू विचारलंस तेव्हा मी घाबरलो होतो. रविवारी तुझ्याकडे येतो.' एक ओळ खोडली, दुसरी समासात तिरकी घुसवली. मागून बायको डोकावली.

"केवढी ही खाडाखोड. पक्की प्रत तरी करा."

"पक्क्या सात आहेत," काका म्हणाले.

लॅपटॉप त्यांनी चालूच ठेवला. तिला तशी बसलेली सोडून तो मिटणं जमेना. खाली उतरले तेव्हा एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्यात बायकोची.

टपालपेटीच्या फटीत हात मनगटापर्यंत गेला. बोटांनी पाकीट थोडा वेळ धरून ठेवलं. मग आतून, तळाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला.